मैदानावरचा मदतनीस



पावसाळा ओसरला, की आपल्याकडे शालेय खेळांचे दिवस येतात. पटांगणावरचे गवत निघते, फक्कीच्या रेघा पडतात, खो-खोचे खांब रोवले जातात आणि केंद्राचे, तालुक्याचे सामने सुरू होतात. कोण जिंकले, कोण हरले, याची चर्चा मग आठवडाभर पारावर चालते. पण ती रेघ कोणी आखली, पडलेल्या पोराला कोणी उचलले, परगावच्या मुलींना पाण्याची जागा कोणी दाखवली, हे कोणी विचारीत नाही. आज मला त्या मंडळींविषयी बोलायचे आहे. छातीवर कागदी बिल्ला लावून दिवसभर उन्हात उभे राहणारे आणि संध्याकाळी सतरंज्या झटकून घरी जाणारे जे स्वयंसेवक, त्यांच्याविषयी.

हे काम लहान समजू नका. जगातले मोठमोठे सामने याच लोकांच्या खांद्यावर उभे असतात. १९१२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा बालवीर पथकातली मुले निरोप पोहोचविण्याचे काम करीत होती. पुढे शंभर वर्षांनी, २०१२ साली, लंडनला ऑलिंपिक भरले. तेथे सुमारे सत्तर हजार स्वयंसेवक होते आणि त्या जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास लोकांनी अर्ज केले होते. पगार नव्हता. गणवेश, कामाच्या वेळचे जेवण आणि शहरातला प्रवास, एवढेच काय ते मिळणार. तरी एवढी माणसे पुढे आली.

मग प्रश्न असा पडतो, की मदतीला धावणारा माणूस असतो तरी कसा? आपण याची दोन ठरलेली उत्तरे देतो. एक म्हणजे, "तो ज्याचा त्याचा स्वभाव. मुळातच असावं लागतं." आणि दुसरे, "बायकांची जात मायाळू, त्यांनी सेवा करावी. पुरुषांची जात धाडसी, त्यांनी संकटात उडी घ्यावी." ही दोन्ही उत्तरे ऐकायला बरी वाटतात. मीसुद्धा पुष्कळ वर्षे तीच धरून चाललो होतो. पण एका दिवसाने मला विचार करायला लावले. तो दिवस आधी सांगतो.

आमच्या शाळेकडे एके वर्षी तालुक्याचे सामने आले. स्वयंसेवक निवडण्याचे काम माझ्याकडे होते. मी काय केले असेल? वर्गातली गुणी, शहाणी, पुढे पुढे करणारी तीस मुले निवडली, त्यांना बिल्ले दिले आणि मोठ्या आवाजात सांगितले, "सगळ्यांनी सगळीकडे लक्ष ठेवायचं." मुलींना रांगोळी, स्वागतगीत आणि स्वयंपाकघर दिले. मुलांना मैदान दिले. एक व्रात्य पोरगा होता. तो मंडपात राहिला तर गोंधळ करील, म्हणून त्याच्या हाती तांबडी झेंडी देऊन त्याला पार टोकाच्या वळणावर उभा केला आणि दरडावले, "या कोपऱ्यापासून पुढं काही झालं, तर मी तुझं नाव घेईन."

दुपारी तीन हजार मीटरची शर्यत लागली. ऊन रणरणत होते. सहाव्या फेरीला एक मुलगा दोरीच्या अगदी जवळ कोसळला. तेथे माझे बिल्लेवाले दहा-बारा जण उभे होते. सगळ्यांनी पाहिले. कोणी हलले नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. आणि तेवढ्यात तो झेंडीवाला व्रात्य पोरगा आपला कोपरा सोडून धावत आला, पडलेल्या मुलाला बगलेत हात घालून त्याने सावलीला ओढले आणि पाण्यासाठी ओरडू लागला. मी लांबून पाहिले ते एवढेच, की पोराने झेंडी टाकली. मी त्याच्यावरच खेकसलो, "जागा का सोडलीस?" तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच म्हणालात, इथनं पुढं काही झालं तर माझं नाव घ्याल म्हणून."

पडलेला मुलगा सकाळपासून उपाशी होता. पाणी, सावली आणि नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रातले उपचार मिळाल्यावर संध्याकाळपर्यंत तो उठून बसला. पण माझी झोप उडाली. माझी निवडलेली शहाणी मुले उभी का राहिली? ती दुष्ट होती का? मुळीच नव्हती. त्यातला एक जण तर रात्री घरी जाऊन रडला, असे त्याच्या आईने सांगितले.

या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी मानसशास्त्राचे अभ्यासक काय म्हणतात, ते मी वाचू लागलो. अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. एकमेकांचे तोंड दिसत नव्हते, फक्त यंत्रातून आवाज ऐकू येत होता. बोलता बोलता एका आवाजाला झटका आल्यासारखे झाले. तो अडखळू लागला, मदत मागू लागला. खरे तर तो आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता, पण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. ज्यांना वाटत होते की हे ऐकणारा मी एकटाच आहे, त्यांच्यापैकी शेकडा ८५ जण झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. ज्यांना वाटत होते की आणखी एक जण ऐकतो आहे, त्यांच्यापैकी शेकडा ६२ उठले. आणि ज्यांना वाटले की आणखी चार जण ऐकत आहेत, त्यांच्यापैकी फक्त शेकडा ३१.

म्हणजे पाहा, माणसे वाढली तशी मदत घटली! दहा जणांच्या घरात गाय उपाशी राहते, तसेच हे. जो तो म्हणतो, दुसऱ्याने वैरण टाकली असेल. जबाबदारी दहांत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते आणि तेवढ्याने कोणाचे पाय हलत नाहीत. जे उठले नाहीत ते काही निर्विकार नव्हते, हेही त्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम सुटला होता. माझा तो रडलेला विद्यार्थी मला इथे भेटला.

याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. त्या विद्यार्थ्यांच्या स्वभावाच्या चाचण्याही घेतलेल्या होत्या. कोण जबाबदार वृत्तीचा, कोण आपमतलबी, असे मोजलेले होते. पण त्या मापांवरून कोण लवकर धावेल हे सांगता आले नाही. पुरुष आणि स्त्रिया यांच्या धावण्याच्या वेगातही फरक दिसला नाही. चाचण्यांबरोबर प्रत्येकाची माहितीही विचारली होती. तिच्यातली एकच बाब थोडीशी उपयोगी पडली. ती कोणती असेल? लहान वस्तीत वाढलेले विद्यार्थी मोठ्या शहरात वाढलेल्यांपेक्षा काहीसे लवकर उठले! आता हे ऐकून आपण खेडेगावच्या लोकांनी मिशीला पीळ देऊ नये. फरक थोडासाच होता, आणि माझे बारा जण खेड्यातलेच होते.

दुसरा एक प्रयोग १९७३ सालचा. डार्ली यांनीच डॅनियल बॅटसन यांच्याबरोबर तो केला. प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणारे चाळीस विद्यार्थी त्यांनी घेतले. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस दाराशी वाकून बसलेला, खोकत, कण्हत होता. काही विद्यार्थ्यांचा भाषणाचा विषयच मुळी वाटेत पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या सज्जनाची ख्रिस्ती कथा, हा होता! तरी कोण थांबले? ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी शेकडा ६३ थांबले. ज्यांना साधारण घाई होती त्यांच्यापैकी ४५. आणि ज्यांना "उशीर झालाय, पळा" असे सांगितले होते, त्यांच्यापैकी अवघे १०. भाषण कशावर द्यायचे, यापेक्षा हाती वेळ किती, यावर माणुसकी अवलंबून राहिली.

शिक्षक बंधूंनो, आपल्या सामन्यांतला स्वयंसेवक डोळ्यांसमोर आणा. एकाच मुलाला आपण बाके उचलायला लावतो, पाहुण्यांना चहा द्यायला पाठवतो, निकालाचा कागद पोहोचवायला सांगतो आणि वर म्हणतो, "चल, पाय उचल." मग त्या मुलाला वाटेत रडणारे पोर दिसले, तर तो थांबणार कसा? आपणच त्याला न थांबण्याचे शिक्षण दिलेले असते.

आता आपण म्हणाल, "म्हणजे स्वभावाला काही किंमतच नाही का?" आहे, जरूर आहे. अभ्यासक माणसाचा स्वभाव पाच बाबींत मोजतात. पहिली, नवे काही जाणून घेण्याची हौस. दुसरी, कामातला नेटकेपणा. तिसरी, माणसांत मिसळण्याची आवड. चौथी, मनमिळाऊपणा, म्हणजे दुसऱ्याचे ऐकून घेणे, सांभाळून घेणे. पाचवी, मन लवकर धास्तावणे किंवा न धास्तावणे. गुस्ताव्हो कार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की मनमिळाऊ आणि माणसांत रमणारी माणसे स्वयंसेवेकडे अधिक वळतात, आणि त्यामागे दुसऱ्याचे भले व्हावे ही इच्छा बरेचदा असते. तेव्हा स्वभाव माणसाला मांडवाच्या दारापर्यंत आणतो, हे खरे. पण आत आल्यावर त्याच्या हातून काय घडेल, हे पुष्कळसे आपण त्याला कोठे उभे करतो, काय सांगतो आणि किती वेळ देतो, यावर ठरते.

शिवाय सगळे एकाच ओढीने येत नाहीत. १९९८ साली क्लॅरी, स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवेच्या मागचे सहा हेतू मांडले. कोणाला परोपकाराची खरी तळमळ असते. कोणाला शिकायचे असते. कोणी दोस्त आले म्हणून येतो. कोणाला पुढे नोकरीत उपयोग होईल असे वाटते. कोणाला घरच्या काळज्या विसरायच्या असतात. आणि कोणाला आपणही कोणीतरी आहोत, असे वाटून घ्यायचे असते. यातला एकही हेतू हलका समजू नये. त्याच वर्षी कॅनडातल्या अभ्यासकांनी स्त्रियांच्या कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या स्पर्धेतल्या स्वयंसेवकांना विचारून पाहिले. सामना यशस्वी व्हावा, ही ओढ त्यांच्यात अग्रभागी होती. पण ते समाधानी होऊन घरी गेले की नाही, हे केवळ त्या ओढीवर ठरले नाही. जागेच्या सोयी कशा होत्या, व्यवस्था कशी होती, यांचाही त्यात मोठा भाग होता. हौशीने आलेल्या माणसाला उन्हात ताटकळत ठेवले, तर हौस किती दिवस टिकणार?

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. बाया मायाळू, पुरुष धाडसी.

ॲलिस ईगली आणि मॉरीन क्राउली यांनी १९८६ साली मदतीवरचे पुष्कळ प्रयोग एकत्र करून तपासले. त्यांत एकंदरीत पुरुष अधिक वेळा मदत करताना दिसले! हे ऐकून चकित होऊ नका. ते प्रयोग बहुतेक कसले होते? रस्त्यात अनोळखी माणूस अडचणीत आहे, गाडी बंद पडली आहे, असले. जेथे बघणारे लोक होते आणि जेथे बाईला धोका वाटावा असा प्रसंग होता, तेथे हा फरक अधिक होता. घरात आजारी सासूचे वर्षभर करणारी बाई त्या मोजणीत कोठून येणार? पुढे २००४ साली सेल्विन बेकर आणि ईगली यांनी आणखी एक तपासणी केली. अमेरिकेत प्राण धोक्यात घालून दुसऱ्याला वाचवणाऱ्यांना १९०४ सालापासून कार्नेगी पदक देतात. त्यात दहांतले नऊ पुरुष. परंतु दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांना लपवून वाचवणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने होत्या, आणि जिवंतपणी आपले मूत्रपिंड दुसऱ्याला देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक. मग धाडसी कोण? ज्याला जी संधी आणि जी जागा समाजाने दिली, तेथे त्याचे धाडस दिसले.

मनमिळाऊपणा मोजला, तर स्त्रियांची सरासरी थोडी वर येते, हे खरे. पण सरासरी म्हणजे काय, ते आपल्या शेतकरी बंधूंना समजावून सांगायला नको. दोन वावरांत ज्वारी आहे. एका वावरातली ताटे सरासरीने बोटभर उंच भरली. म्हणून त्या वावरातले प्रत्येक ताट दुसऱ्या वावरातल्या प्रत्येक ताटाहून उंच असते काय? नसते. दोन्हीकडे उंच ताटेही असतात आणि खुरटीही असतात. कणीस हवे असेल, तर वावराचे नाव न बघता ताटाजवळ जावे लागते. मुलांचेही तसेच आहे.

आणि मुलीला जबाबदारीची जागा दिली तर काय होते, याची एक जुनी गोष्ट सांगतो. ती खेळाच्या मैदानावरची नाही, पण स्वयंसेविकेचीच आहे. १९२३ साली काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. शेजारी खादीचे प्रदर्शन होते. त्याच्या दारावर चौदा वर्षांची एक मुलगी स्वयंसेविका म्हणून उभी होती. तिकिटाशिवाय कोणाला आत सोडायचे नाही, असे तिला सांगितले होते. जवाहरलाल नेहरू आले. तिकीट नव्हते. तिने त्यांना अडवले! व्यवस्थापकांची धांदल उडाली, तिकीट आणले गेले, तेव्हाच तिने वाट दिली. नेहरूंनी तिचे कौतुकच केले. ती मुलगी म्हणजे पुढच्या दुर्गाबाई देशमुख. संविधान सभेच्या त्या सदस्य झाल्या, आणि आपले चिंतामणराव देशमुख हे त्यांचे पती. आता विचार करा, त्या दिवशी कोणी तिला "पोरी, तू आत जाऊन रांगोळी काढ" म्हटले असते तर?

उलटपक्षी, अपमान केला तर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. टोकियोचे ऑलिंपिक साथीमुळे एक वर्ष लांबून २०२१ साली झाले. त्या वर्षी फेब्रुवारीत संयोजन समितीचे अध्यक्ष योशिरो मोरी बोलून गेले, की बायका असल्या म्हणजे सभा लांबतात. लोक संतापले. शेकडो स्वयंसेवकांनी आपले नाव काढून घेतले. मोरी यांना १२ फेब्रुवारीला राजीनामा द्यावा लागला आणि त्यांच्या जागी सेइको हाशिमोतो या बाई आल्या, ज्या स्वतः ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या होत्या. पुढे साथीच्या भीतीनेही पुष्कळ स्वयंसेवक गळले. ऐंशी हजारांतले सुमारे दहा हजार सामन्यांपूर्वीच सोडून गेले होते. फुकट राबणाऱ्या माणसाकडे एकच हत्यार असते, ते म्हणजे घरी जाणे. तेव्हा त्याला गृहीत धरू नये.

पण त्याच टोकियोत एक सुंदर प्रसंगही घडला. जमैका देशाचा हॅन्सल पार्चमेंट हा ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू. उपांत्य फेरीच्या दिवशी तो चुकून भलत्याच बसमध्ये बसला आणि पोहण्याच्या तलावाकडे जाऊन उतरला. परत फिरून दुसरी बस पकडावी, तर शर्यत चुकणार. संयोजकांच्या गाड्या आधी नोंदवल्याशिवाय मिळत नव्हत्या. तेथे त्याला एक स्वयंसेविका भेटली. तिने काय केले? आपल्या जवळचे पैसे काढून त्याच्या हातात ठेवले आणि टॅक्सीने जायला सांगितले. तो वेळेवर पोहोचला, अंतिम फेरीत गेला आणि ५ ऑगस्ट २०२१ रोजी १३.०४ सेकंदांत धावून त्याने सुवर्णपदक जिंकले. मग तो तिला शोधत परत आला. पैसे फेडले, पदक दाखवले आणि आपल्या देशाचा सदरा तिला भेट दिला.

या गोष्टीत मला त्या बाईचे मन तर मोठे वाटतेच. पण आपल्या आजच्या दृष्टीने तिच्यात आणखी काही दडले आहे. तिच्यासमोर एकच माणूस, त्याची एकच अडचण, आणि विचारायला दुसरे कोणी नाही. नियम मोडायचा नव्हता, पण नियमाच्या कडेने वाट काढायची होती. तिने ती काढली. आपण आपल्या मुलांना असे करू देतो का? की "विचारल्याशिवाय काही करायचं नाही" असे सांगून त्यांचे हात बांधून ठेवतो?

आता माझ्या त्या दिवसाची राहिलेली गोष्ट सांगतो. ती सांगायला मला अजूनही जड जाते. त्याच सामन्यांत परगावची एक मुलगी खो-खोला आली होती. संघातली सर्वांत चपळ, असे तिच्या बाई सांगत. सामना लागला, तेव्हा ती मैदानात उतरलीच नाही. विचारले तर म्हणाली, पोट दुखते. सोमवारी तिच्या बाईंकडून खरे कळले. तिला महिन्याची अडचण आली होती. शाळेच्या भिंतीमागे ती तासभर बसून होती. तिला साधे कापड हवे होते आणि आडोसा कोठे आहे, हे विचारायचे होते. पण बिल्ला लावलेला जो दिसे तो मुलगा. मुली सगळ्या मी स्वयंपाकघरात आणि स्वागताला कोंडून ठेवल्या होत्या. तिच्या स्वतःच्या बाई दुसऱ्या मैदानावर पंच म्हणून उभ्या होत्या. मदत करणारे तीस हात होते, आणि एकही हात तिच्या उपयोगाचा नव्हता. मुलगी काही बोलली नाही, पण तिचा एक सामना गेला. तो मी घालवला, असे मी मानतो.

पुढच्या खेपेला आम्ही रीत बदलली. ती आपल्यालाही करता येण्यासारखी आहे, म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, "सगळ्यांनी सगळीकडे" हा शब्दच काढून टाकला. मैदानाचा नकाशा फळ्यावर काढला, त्याचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यावर नाव लिहिले. या वळणापासून त्या खांबापर्यंत तू. काही झाले तर पहिला तूच धावायचा. शेजारच्याने मागून यायचे. तुझ्याआधी दुसरा गेला तरी तू जायचेच.

दुसरी गोष्ट, प्रत्येक जागी एक मुलगा आणि एक मुलगी अशी जोडी ठेवली. मुलींच्या खोलीजवळ एक बाई आणि दोन मुली, आणि तेथे कापड, पाणी, साबण, सुई-दोरा. ही जागा कोठे आहे, ते सकाळी सर्व संघांच्या मुलींना बाईंनी स्वतः जाऊन सांगितले. विचारायला लागू नये, हीच खरी मदत. वेळ मोजायला, रेघ आखायला, निकाल लिहायला मुलीही गेल्या. आणि पाणी वाटायला, ताटे उचलायला मुलेही गेली. पहिल्या दिवशी काही पालकांनी नाके मुरडली. दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

तिसरी गोष्ट, चार मुले अगदी रिकामी ठेवली. त्यांना काहीच काम नाही. फक्त फिरायचे आणि कोणाला काय हवे ते पाहायचे. एक पाहुणे मला म्हणाले, "गुरुजी, ही पोरं नुसती हिंडतात." मी म्हणालो, "तेच त्यांचं काम आहे." ज्याच्याजवळ वेळ आहे तोच थांबतो, हे आपण मघाशी पाहिले.

चौथी गोष्ट, आदल्या दिवशी तालीम घेतली. एकाने पडल्याचे सोंग करायचे, दुसऱ्याने धावायचे, तिसऱ्याने पेटी आणायची. पोरांना मजा वाटली, पण पाय शिकले. संकटात डोके गोंधळते, तेव्हा शिकलेले पायच उपयोगी पडतात. प्रथमोपचाराची पेटी मंडपातल्या कपाटातून काढून मैदानाच्या मधोमध ठेवली. आणि मुलांना सांगून टाकले, "अडचणीतल्या माणसासाठी जागा सोडलीत, तर मी रागावणार नाही. मागून येऊन सांगा."

आणि शेवटची गोष्ट, लाजरी मुले मागे ठेवली नाहीत. गडबडीत पुढे येणारा तोच काय तो सेवाभावी, असे आपल्याला वाटते. पण अबोल मुलाला निश्चित काम दिले, तर तो ते नेटाने करतो. निकालाच्या कागदात एक चूक नव्हती, ती अशाच एका न बोलणाऱ्या मुलीमुळे. संध्याकाळी बक्षीस समारंभात आम्ही खेळाडूंच्या बरोबरीने स्वयंसेवकांचीही नावे वाचली. काम काय केले, तेही सांगितले. "अमक्याने दक्षिणेचे वळण सांभाळले." एवढ्या एका वाक्यासाठी ती मुले पुढच्या वर्षी आपण होऊन आली.

त्या झेंडीवाल्या पोराचे नाव मात्र पहिल्या वर्षी कोणीच वाचले नव्हते. उलट मी त्याला सर्वांदेखत बोललो होतो. ते मी वर्गात सर्वांदेखतच परत घेतले. तो तेव्हा काही बोलला नाही, बाकाखाली बघत हसला. पुढे त्याची खोडी गेली का? नाही गेली. पण सामने आले, की सकाळी सर्वांत आधी मैदानावर तोच येई आणि विचारी, "गुरुजी, माझा कोपरा कोणता?"

मंडळी, स्वभाव काही अंशी जन्माने मिळतो आणि देह स्त्रीचा की पुरुषाचा, हेही जन्माने ठरते. त्यावर आपली सत्ता चालत नाही. पण कोपरा देणे आपल्या हातात आहे. या वर्षी आपल्या गावात सामने भरतील, तेव्हा बिल्ले वाटण्यापूर्वी घटकाभर थांबा आणि प्रत्येक मुलाला, प्रत्येक मुलीला तिचा, त्याचा कोपरा नाव घेऊन सांगा.